आजचं इंजेक्शन

तिने म्हाताऱ्याच्या नाकावरच्या जड चौकटीत दुसरी काच सरकवली आणि विचारलं, आता जास्त स्पष्ट दिसतंय, की आधी दिसत होतं? तो निवृत्त मास्तर होता आणि नापास व्हायची त्याची अजिबात तयारी नव्हती. न दिसणारी अक्षरंही बेधडक ठोकून देत होता. एरवी तिला मनातल्या मनात हसू आलं असतं. आज तिचं अर्धं लक्ष टेबलाच्या खणाकडे होतं. खणातला फोन दोनदा थरथरून गप्प झाला होता.

दवाखान्यात तिच्या पोटात भ्रूण सोडून पंधरा दिवस झाले होते. गर्भ टिकावा म्हणून रोज संध्याकाळी एक इंजेक्शन घ्यावं लागत होतं. परवा रक्तातल्या हार्मोनचा आकडा आला होता, एकशे अठरा. याआधीच्या दोन खेपांना सांगण्यासारखा आकडाच आला नव्हता, त्यामुळे परवा ती आणि नवरा नुसतेच एकमेकांकडे बघत बसले होते. डॉक्टरांनी मात्र लगेच हुरळून जायचं नाही म्हणून बजावलं होतं. मूल रुजत असेल तर तो आकडा दोन दिवसांत दुपटीच्या आसपास जायला हवा. आज सकाळी तिने पुन्हा रक्त दिलं होतं.

मास्तर गेल्यावर, बाराच्या सुमारास, तिने चष्म्याच्या दुकानातल्या आतल्या खोलीत जाऊन दवाखान्यात फोन लावला. नेहमीच्या सिस्टर जेवायला गेल्या होत्या. फोनवर दुसरीच एक मुलगी होती, तिने नाव विचारून फाइल शोधली.

"ताई, आजचा शहाण्णव आलाय," ती मुलगी म्हणाली. "इंजेक्शनं बंद करा असं लिहिलंय डॉक्टरांनी."

तिने बरं म्हटलं. पुढच्या आठवड्यात भेटायला या, मनाला लावून घेऊ नका, असं ती मुलगी बरंच काही सांगत राहिली, आणि हिने प्रत्येक गोष्टीला बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर आता रडू येईल म्हणून ती जरा थांबली. आलं नाही. मग तिने कोपऱ्यातलं फ्रेमांचं खोकं उचलून बाहेर आणलं. पंधरा दिवस तिला काडीही उचलू न देणाऱ्या काउंटरवरच्या बाई ओरडल्या. काही होत नाही हो, असं ती म्हणाली आणि फ्रेमा मांडायला लागली.

संध्याकाळी घरी चालत येताना तिने नवऱ्याला सांगायचं वाक्य तयार केलं. मग ते मोडून दुसरं केलं. दोन्ही वाक्यं एखाद्या गिऱ्हाइकाला चष्मा तयार नाही म्हणून सांगावं तशी वाटत होती. सासूबाईंचा रोजचा फोन आला, तो तिने वाजू दिला.

नवरा सातला आला. तो शिंपी होता. सुईशी त्याची जन्माची ओळख, पण बायकोला टोचायची वेळ आली तेव्हा पहिल्या दिवशी त्याने सुई तीनदा खाली ठेवली आणि तिलाच त्याला धीर द्यावा लागला होता. आता तो तरबेज झाला होता. त्याने हातपाय धुतले, तेलकट औषधाची कुपी मुठीत धरून ऊब दिली, सिरिंज भरली. रिपोर्टचं काही विचारलं नाही. विचारायला घाबरत असेल, असं तिला वाटलं.

आता सांगते, आता सांगते, असं करत ती पलंगापर्यंत गेली. आजचा एक दिवस त्याला मिळू दे, असं मनात आलं आणि ती पालथी आडवी झाली.

त्याने टोचलं. कमरेखाली गाठीच गाठी झाल्या होत्या, त्यामुळे फारसं काही कळलंही नाही. मग तो गरम फडक्याने ती जागा शेकत राहिला. रोजच्यापेक्षा बराच वेळ.

"सिस्टरचा फोन आला होता," तो म्हणाला. "तू उचलत नव्हतीस, म्हणून मला केला."

तिने उशीत तोंड घालूनच विचारलं.

"किती वाजता?"

"साडेअकराला."

म्हणजे तिच्याही आधी. म्हणजे दिवसभर तो मशीनवर बसून कोणाकोणाचे कपडे शिवत होता, आणि त्याला माहीत होतं.

"मग टोचलंस कशाला?"

त्याने सुईवर टोपण बसवलं. ते एकदा नीट बसलं नाही, पुन्हा बसवलं.

"तू आडवी झालीस," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला अजून कळलं नाही."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं नाही. पलंगावर थोडं आत सरकून त्याला बसायला जागा केली.