डी. बी. वानखेडे यांचे सात लेख

द्वारका वानखेडे एम.एस्सी. करायला अमरावतीहून पुण्याला आली आणि पुण्याचीच झाली. शहरातल्या एका जुन्या महाविद्यालयात ती रसायनशास्त्र शिकवत होती. मुळा-मुठेच्या गाळात कोणते धातू किती साचलेत, हा तिच्या संशोधनाचा विषय. नवरा अभय हिंजवडीत नोकरीला. लग्नानंतरही तिने माहेरचं नाव ठेवलं होतं, कारण तिचे पहिले लेख त्याच नावाने छापून आले होते. डी. बी. वानखेडे, म्हणजे द्वारका बद्रीनाथ.

संशोधन करणाऱ्या माणसाची किंमत अलीकडे एका आकड्यावर ठरते. त्याचे लेख इतरांनी आपल्या लेखांत आधाराला किती वेळा घेतले, त्यावरून तो आकडा काढतात. ज्याचे अकरा लेख प्रत्येकी निदान अकरा वेळा उद्धृत झाले, त्याचा आकडा अकरा. द्वारकाचा अकराच होता. पंधरा वर्षं राबून मिळवलेला, आणि तिच्या मते बरा.

एका सकाळी तो सोळा दिसला.

ज्या संकेतस्थळावर हे आकडे मोजले जातात, तिथे प्रत्येक संशोधकाचं एक पान असतं. नावावरून ओळखून ते लेख आपोआप जोडून घेतं. द्वारकाच्या पानावर सात नवे लेख येऊन बसले होते. नाव तेच, डी. बी. वानखेडे. विषय मात्र विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड चिंचोक्याच्या भुकटीने कसं काढावं हा. असलं काम तिने जन्मात केलं नव्हतं. त्यातला एक लेख दोनशे चाळीस ठिकाणी उद्धृत झाला होता. तिच्या स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या लेखाला चाळीस होते.

तिला हसू आलं. काढून टाकू, असं मनाशी म्हणून ती तासाला गेली. दुसऱ्या दिवशीही आठवण झाली, तेव्हा प्रात्यक्षिक परीक्षा होती. मग ते राहिलंच.

त्याच हिवाळ्यात एका परिषदेत एक विद्यार्थिनी तिच्याजवळ आली. चिंचोक्यांच्या लेखावरूनच आपण पीएच.डी.चा विषय निवडला, असं सांगून तिने सोबत फोटो मागितला. तो लेख माझा नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण भोवती दोन-तीन विभागप्रमुख कौतुकाने ऐकत उभे होते. द्वारका "छान" म्हणाली आणि फोटोला उभी राहिली. मुलगी ओशाळली असती, म्हणून आपण बोललो नाही, असं तिने घरी जाताना स्वतःला पटवलं.

दोन वर्षांनी तिची सहयोगी प्राध्यापकपदासाठी मुलाखत ठरली. अर्जातल्या यादीत तिने फक्त आपलेच लेख लिहिले. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. आकड्याच्या रकान्यात मात्र पानावरचा सोळा उतरवला.

मुलाखतीला बारा दिवस असताना एक ईमेल आला. लिहिणारीचं नाव दीक्षा मेश्राम. माहेरची ती दीक्षा बाबुराव वानखेडे, मूळ यवतमाळ जिल्ह्यातली, आता पुण्यात राहणारी. ते सात लेख तिचे होते, लग्नाआधीचे. लग्नानंतर नाव बदललं आणि जुने लेख नव्या नावाला चिकटेनात. लेखावरच्या एका नावाला एकच दावेदार, असा त्या संकेतस्थळाचा नियम होता. द्वारकाने ते आपल्या पानावरून काढल्याशिवाय दीक्षाला घेता येत नव्हते. चूक यंत्राची आहे, तुमची नाही, असंही तिने समजुतीने लिहिलं होतं.

मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी काढू, असं द्वारकाने ठरवलं. मुलाखतीत बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी सुरुवातच फ्लोराइडच्या कामाच्या अभिनंदनाने केली. तिने मान लववली. तिला पद मिळालं. आता लगेच लेख काढले तर आकडा एकदम पाचने खाली येईल आणि कुणाच्या तरी डोळ्यावर येईल, म्हणून तिने महिनाभर थांबायचं ठरवलं. महिन्याचे सहा महिने झाले. दीक्षाचं एक स्मरणपत्र आलं, मग तेही यायचं थांबलं. इतक्या उशिरा उत्तर द्यायची लाज, उत्तर न देण्याच्या लाजेपेक्षा मोठी होत गेली.

गेल्या जूनमध्ये हडपसरच्या एका महाविद्यालयाने तिला मुलाखतींसाठी विषयतज्ज्ञ म्हणून बोलावलं. सहायक प्राध्यापकाची एक जागा होती आणि उमेदवार नऊ. उमेदवारांची यादी तिला खुर्चीत बसल्यावर मिळाली. सहाव्या ओळीत नाव होतं, मेश्राम दीक्षा आनंद. पुढे लिहिलं होतं, याच महाविद्यालयात आठ वर्षं तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास शिकवलं तेवढाच पगार, सुट्टीत काही नाही.

प्रकृतीचं निमित्त सांगून उठावं असं द्वारकाला वाटलं. ती उठली नाही.

दीक्षा आत आली. चाळिशीची बाई, इस्त्रीची सुती साडी, हातात जाडजूड फाइल. तिने सगळ्यांना नमस्कार केला. द्वारकाच्या समोरची नावाची पाटी तिने वाचली आणि क्षणभर तिथेच थबकली. मग खुर्चीत बसली.

संस्थेचे सचिव उपासनी मधे बसले होते. त्यांनी गुणपत्रक पाहिलं आणि आकडा पाचच कसा, असं विचारलं. लग्नाआधीच्या नावाचे सात लेख त्यात धरलेले नाहीत, त्यांच्या प्रती फाइलला जोडल्या आहेत, असं दीक्षाने सांगितलं.

"मग धरून घ्यायचे होते," उपासनी म्हणाले. "एक बटण दाबायचं असतं म्हणे. आठ वर्षांत सवड झाली नाही वाटतं?"

"ते दुसऱ्यांच्या पानावर गेलेत सर. नावसाधर्म्य आहे. मी त्यांना कळवलं होतं."

"कोण हे दुसरे?"

दीक्षाने द्वारकाकडे पाहिलं. त्या नजरेत धमकी नव्हती. तुम्हीच सांगा, एवढंच होतं. द्वारकाने समोरची फाइल उघडली आणि ती पानं चाळू लागली.

"त्यांना अडचण असेल काही," दीक्षा म्हणाली.

उपासनींनी गुणपत्रकावरचा आकडा तसाच ठेवला. पडताळणी करत बसलो तर इथेच रात्र होईल, असं ते म्हणाले आणि विषयाचं काही विचारायचं का, म्हणून द्वारकाकडे वळले. पाणी जास्त क्षारयुक्त असेल तर चिंचोक्याचा कितपत उपयोग होतो, असं तिने विचारलं. दीक्षाने दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि भुकटी आधी आम्लात भिजवून त्यावर काढलेला तोडगाही समजावला. इतकं स्वच्छ उत्तर त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिलं नाही. द्वारकाने तिला मुलाखतीचे दहापैकी दहा गुण दिले. संशोधनाच्या रकान्यात लिपिकाने पाचच्या हिशेबाने गुण आधीच भरून ठेवले होते. निवड सूरज ढमाले नावाच्या तरुणाची झाली, दीड गुणाने. मुलगा चांगला होता आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तिने अभयला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता काढून टाक आणि विषय संपव, असं तो म्हणाला. तिला राग आला, कारण ते काम दोनच मिनिटांचं होतं, हे तिला पाच वर्षं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात बसून तिने तो चिंचोक्यांचा लेख उघडला. इतकी वर्षं तिने त्याचं फक्त शीर्षक पाहिलं होतं. मोकळ्या तासाला ती पहिल्या ओळीपासून वाचत गेली. चौतीस विहिरी, तीन उन्हाळे. पांढरकवड्याजवळच्या एका गावात मुलांचे दात पिवळे पडलेले, म्हाताऱ्यांची हाडं वाकलेली. शेवटी आभार होते. रोज पहाटे विहिरीचं पाणी बाटलीत भरून एसटी थांब्यावर आणून देणाऱ्या गावातल्या बायका, आणि चिंचोके भाजून कुटून देणाऱ्या तुळजाबाई. वय साठ, असं कंसात. द्वारकाला पुढचं दिसेना. तिने संगणक बंद केला, पाच मिनिटांनी पुन्हा लावला आणि सातही लेख आपल्या पानावरून काढले. आकडा अकरा झाला.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. निवड होऊन गेली होती. अर्जावरच्या पत्त्यावरून रविवारी सकाळी ती येरवड्याला गेली. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला. आनंद मेश्राम मुलीला घेऊन क्लासला गेले होते. दीक्षा उत्तरपत्रिका तपासत होती. दारात द्वारकाला बघून तिला आश्चर्य वाटलं असावं, पण तिने बसा म्हटलं आणि चहा ठेवला.

द्वारकाने सगळं सांगितलं. सोळाचा आकडा, परिषदेतला फोटो, मुलाखतीतलं अभिनंदन, न पाठवलेलं उत्तर. काही लपवलं नाही. दीक्षाने लाल पेनचं टोपण लावून ऐकून घेतलं.

"परवा मी तुमचं नाव घेतलं असतं तर?" तिने विचारलं.

"मी नाही म्हटलं असतं की काय, मला माहीत नाही," द्वारका म्हणाली. "खरं सांगते."

"म्हणूनच घेतलं नाही. तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी तिथे खोटी ठरले असते. मग तासिकासुद्धा गेल्या असत्या."

द्वारकाने येताना एक विचार केला होता. तो तिने बोलून दाखवला. तिचा नदीच्या गाळावरचा एक मोठा लेख चांगल्या नियतकालिकाकडे जायच्या बेतात होता. त्यावर दीक्षाचंही नाव घालू, तिचा आकडा वाढायला मदत होईल.

दीक्षाने पेन बाजूला ठेवलं.

"म्हणजे केलेल्या कामावर नाव नव्हतं, आता न केलेल्या कामावर घालायचं," ती म्हणाली. "नको मॅडम. मला एक पत्र द्या. हे सात लेख माझे आहेत आणि ते तुमच्या नावावर आहेत हे तुम्हाला माहीत होतं, असं लिहा. तारीख घाला. सही करा."

"माहीत होतं, हेही?"

"तेच महत्त्वाचं आहे."

पत्र लिहायला द्वारकाला चार दिवस लागले. पहिल्या तीन मसुद्यांत 'अनवधानाने' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. चौथ्यात तिने तो काढला. एक प्रत दीक्षाला, एक हडपसरच्या महाविद्यालयाला, एक स्वतःच्या प्राचार्यांना.

हडपसरहून दोन ओळींचं उत्तर आलं. निवडप्रक्रिया नियमानुसार पूर्ण झाली असून आता फेरविचार करता येत नाही. तिच्या प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि ही उचापत कुणी सांगितली होती, असं शांतपणे विचारलं. तीन जणांची समिती नेमली गेली. यादीत एकही खोटा लेख नव्हता आणि आकडा सार्वजनिक पानावरचा होता, म्हणून समितीने तिला लेखी समज देऊन प्रकरण मिटवलं. पद राहिलं. पद सोडते, असं तिने सांगून पाहिलं. त्याने मेश्रामबाईंना काय मिळणार आहे, असं प्राचार्यांनी विचारलं. ती सोडूही शकली असती. तिने सोडलं नाही, हेही खरं. विभागातले दोघे-तिघे तिच्याशी जरा जपून बोलू लागले.

दीक्षाने तेही शैक्षणिक वर्ष तासिकांवरच काढलं. लेख तिच्या पानावर आले होते. तिने नागपूरच्या एका संशोधनसंस्थेत अर्ज केला, सोबत द्वारकाचं पत्र जोडलं. हे द्वारकाला कळलं ते फेब्रुवारीत, एका सकाळी तिथल्या कार्यालयातून फोन आला तेव्हा. बोलणाऱ्या बाई तरुण वाटत होत्या. त्या पत्राची पडताळणी करत होत्या.

पत्र आपलंच का, त्यांनी विचारलं. द्वारकाने हो म्हटलं. त्यातला मजकूर खरा आहे का? तोही खरा होता. पलीकडे काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला.

"एक विचारू का मॅडम? हे फॉर्मवर नाहीये. तुम्हाला माहीत होतं, तर तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?"

वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये मुलांची ये-जा चालू होती. यंत्राची चूक, कामाची गडबड, परीक्षा, ही सगळी उत्तरं द्वारकाकडे तयार होती. पाच वर्षं तिने ती स्वतःलाच दिली होती.

"मला ते पद हवं होतं," ती म्हणाली.

बाईंनी तेही लिहून घेतलं. मग आभार मानून त्यांनी फोन ठेवला. मार्चअखेर दीक्षाची निवड झाली आणि एप्रिलमध्ये मेश्राम कुटुंब नागपूरला गेलं. जाण्यापूर्वी दीक्षाने द्वारकाला काही कळवलं नाही. कळवायचं कारणही नव्हतं.