उजवीकडचं बटण

"बेबीबाई, हे हजेरीचं ॲप कवापासून अपडेट मागून राहिलं! काहून नाही केलं वो?" बचतगटाचा मोबाईल हातात घेत रश्मी मॅडमनं विचारलं.

"नेट नाही राहत ना मॅडम इकडे."

मागच्या खेपेला बेबीबाईनं मोबाईलमध्ये जागा नसल्याचं सांगितलं होतं. त्याआधी चार्जिंगचं.

बचतगटांचं काम बघणारी रश्मी भंडाऱ्याहून गटाच्या सभेला यायची. तिनं स्वतःच्या फोनवरून नेट दिलं आणि चहा होईपर्यंत नवीन ॲप आलंसुद्धा. बेबीबाईचा चहा तसाच राहिला.

नाकाडोंगरीच्या बाजारात तळ्यातली मासळी विकणारी बेबीबाई गटाची अध्यक्ष झाली, ती मोबाईल चालवते म्हणून. प्रौढांच्या वर्गात ती आपली सही तेवढी शिकली होती. मोबाईल शिकवला तो मुलीनं, ज्योत्सनानं, सासरी जाण्याआधी बोट धरून. बाईचा फोटो आला की खाली उजवीकडे दाबायचं, ती हजर. पुन्हा काही विचारलं तर पुन्हा तिथंच. आईला वाचता येत नाही, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं. म्हणूनच की काय, अंगठा लावणाऱ्या गोदावरीबाईला ती प्रत्येक सभेत चिडवायची, "आली आमची अंगठेवाली! शाई आणा वो!"

"घ्या, लावा हजेरी," रश्मी म्हणाली.

बटणांचे रंग बदलले होते. पण उजवी बाजू होतीच. गोदावरीबाईचा फोटो आला. बेबीबाईनं दोनदा दाबलं. मग चंदाचा. मग स्वतःचा.

"अवो, हे काय करून राहिल्या!" रश्मीनं मोबाईल ओढून घेतला. "तिघींची नावं गटातून काढली तुम्ही! नाव वगळायचं काय, असं विचारलं ना त्यानं. वाचलं नाही?"

"चष्मा घरी राह्यला."

"मंग माहा लाव!" चंदानं हसत आपला चष्मा तिच्या नाकावर चढवला. "अध्यक्षीणबाई, वाचा आता!"

अक्षरं मोठी झाली. ओळखीची झाली नाहीत.

बायका थांबल्या होत्या. बेबीबाईची नजर पडद्यावरून हलेना. सगळ्यांत आधी चंदाचं हसू मावळलं.

"होते दुरुस्त," रश्मी हळूच म्हणाली. "मी करते."

मग सह्यांसाठी रजिस्टर फिरलं. गोदावरीबाईनं शाईच्या डबीत अंगठा बुडवून उमटवला. आज चिडवायची पाळी तिची होती. सगळ्यांचे कान तिच्याकडे लागले होते. तिनं अंगठा लुगड्याला पुसला आणि रजिस्टर पुढे सरकवलं.

बेबीबाईनं पेन घेतला. पहिलं अक्षर अर्धं झालं आणि हात थांबला. इतकी वर्षं गिरवलेलं ते अक्षर आज सगळ्या बायकांसमोर तिला चोरून आणल्यासारखं वाटलं. तिनं पेन खाली ठेवला.

गोदावरीबाई दाराबाहेर पाहत होती. शाईच्या डबीचं झाकण मात्र तिनं अजून लावलं नव्हतं.