माझे पंच्याऐंशीवे पान

माझ्याकडे बघून तुम्हाला रद्दी वाटेल, मित्रांनो. पण मी एक जुने स्वयंपाकाचे पुस्तक आहे. पहिले महायुद्ध चालू होते त्या काळात पुण्याच्या एका छापखान्यात माझी पाने शिवली गेली. लोणावळ्याजवळच्या मळवली गावी मला बयाबाई घेऊन आल्या. त्यांचे यजमान दत्तोबा रेल्वेच्या फाटकावर कामाला होते. नव्या संसारात बयाबाई मला रोज उघडत. हळदीची बोटे, तेलाचे थेंब माझ्या पानापानांवर उमटले, आणि मला त्यांचा अभिमान वाटे. पुढे त्यांना सारे पाठ झाले. मी फडताळात जाऊन पडले.

एका सकाळी दत्तोबांना तंबाखूची पुडी बांधायला कागद हवा होता. त्यांनी फडताळात हात घातला आणि माझे शेवटाकडचे एक पान टर्रकन ओढून काढले. बयाबाईंनी ते पाहिले. "बाई गं, पुस्तक हाय त्ये!" एवढेच त्या म्हणाल्या. दत्तोबा कामावर गेले, आणि ती गोष्ट घरात पुन्हा कधी निघाली नाही.

बरीच वर्षे गेली. दुसरे महायुद्ध आले आणि दुकानांतले धान्य दिसेनासे झाले. भाजे गावाहून आणि आसपासच्या वाड्यांतून मळवलीच्या शाळेत येणारी मुले दुपारी नुसते पाणी पिऊन बसू लागली. शिक्षिका लीलाबाई लोणावळ्याहून आगगाडीने येत. त्यांना ते बघवेना. त्यांनी गावातल्या सात बायका गोळा केल्या; बयाबाई आणि रतनबाई त्यांतल्याच. दर शनिवारी शाळेच्या पडवीत सगळ्यांनी मिळून एक जेवण रांधायचे ठरले.

पहिल्याच शनिवारी आमटीत तिघींनी मीठ टाकले. पोरांनी ती तशीच खाल्ली, पण बायकांत कडाक्याचे भांडण झाले. जी ती आपल्या घरची रीत सांगू लागली. तेव्हा लीलाबाई म्हणाल्या, "एक पुस्तक निवडू या. त्यात असेल तसंच करायचं. मग कोणाचं चूक, कोणाचं बरोबर, हा प्रश्नच नको."

पुढच्या खेपेला चटईवर तीन पुस्तके मांडली गेली. लीलाबाईंचे मुंबईहून आलेले नवे गुळगुळीत पुस्तक उघडले, तर पानोपानी लोणी, केशर आणि बदाम. रतनबाईंच्या सासूची हाताने लिहिलेली वही होती, पण तिचे अक्षर कोणालाच लागेना. तिसरे मी. बयाबाईंनी माझे शेवटचे प्रकरण काढून दाखवले: 'टंचाईच्या दिवसांतील स्वयंपाक'. कोंड्याची भाकरी, पाल्याच्या भाज्या, रानातले कंद.

"ह्येच घ्या," रतनबाई म्हणाल्या. "ह्ये आपल्यासाठीच लिवलंय."

माझी निवड झाली. इतक्या वर्षांनी मला पुन्हा माणसांचे हात लागले. त्या आनंदात माझ्या तुटलेल्या पानाची आठवण मी दडपून टाकली, हे तुम्हाला खरे सांगते.

चार शनिवार नीट पार पडले. पाचव्या शनिवारी धान्य मुळीच मिळाले नाही. रतनबाईंचे यजमान महिपती डोंगरउतारावरून पोतेभर करांदे, म्हणजे वेलीचे कंद, खणून घेऊन आले. घराजवळचे गोडे करांदे गावात सगळेच उकडून खात. हे रानातले होते. म्हणून लीलाबाईंनी मला उघडले आणि चौऱ्याऐंशीव्या पानाचा शेवट मोठ्याने वाचला: "करांदे सोलून चकत्या कराव्या व मऊ शिजवाव्या."

पुढचे वाक्य पंच्याऐंशीव्या पानावर होते. कडू जातीचे करांदे असतील तर काय करावे, ते तिथे लिहिले होते. आणि ते पान तंबाखूबरोबर कधीच गेले होते. लीलाबाईंची नजर समोरच्या पानावर गेली. तिथे जोंधळ्याच्या आंबिलीची कृती होती. त्यांनी मला मिटून खिडकीत ठेवले.

मित्रांनो, त्या दोन तासांत माझी काय अवस्था झाली असेल! पातेले रटरटत होते. त्यात गूळ पडला, चिंच पडली. मुलांना वाढण्याआधी चव घ्यायची नाही, अशी बयाबाईंची शिस्त होती. मला सारे ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. मुलांची पंगत बसली. पहिल्या चार पानांवर वाढून झाले.

तेवढ्यात ठाकरवाडीची गंगी सरपणाची मोळी घेऊन आली. ती नेहमी पायरीखाली थांबे. पडवीत तिला कोणी बोलावत नसे, आणि तीही चढत नसे. कोपऱ्यातल्या सालींच्या ढिगाकडे तिचे लक्ष गेले. तिने एक साल उचलली, हुंगली.

"ह्ये कुनी आनलं? किती पान्यात उकडलं?"

"एकाच की," रतनबाई म्हणाल्या. "पुस्तकात तसंच हाय."

गंगीने मोळी टाकली. एका मुलीने घास उचलला होता. गंगी तीन पायऱ्या एका ढांगेत चढली, तिचा हात धरून घास खाली पाडला आणि ओरडली, "कुनी खाऊ नगा रं!" मग तिने चुलीतली मूठभर राख उचलून सरळ पातेल्यात टाकली.

दुसऱ्या क्षणी रतनबाईंनी तिच्यावर हात उगारला. "पोरांच्या अन्नात राख घालतीस? जळलं तुझं त्वांड!"

"मारा मला," गंगी म्हणाली. "पर त्ये कडू हायती. आमच्या वाडीत दोगं गेली त्यानं. येक माझा भाऊ व्हता."

"पुस्तकात कुठं तसं..." लीलाबाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी मला उचलले. चौऱ्याऐंशी. पुढे सत्त्याऐंशी. शिवणीपाशी फाटलेल्या कागदाची बारीक किनार होती. ती त्यांनी सगळ्यांना दाखवली.

बयाबाईंनी पातेल्याच्या कडेचा एक तुकडा जिभेला लावला आणि थुंकून टाकला. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, "त्ये पान आमच्या घरात फाटलं. मला ठावं व्हतं. मी इसरले."

त्या दिवशी मुले उपाशीच घरी गेली. ते मी आजही विसरले नाही.

सोमवारी लीलाबाईंनी कोरा कागद आणला आणि गंगीला पडवीत, आपल्याशेजारी बसवले. गंगी सांगत गेली, त्या लिहीत गेल्या: राखेच्या पाण्यात उकडायचे, ते पाणी फेकायचे, पुन्हा उकडायचे, मग चकत्या टोपलीत भरून रात्रभर पाण्यात ठेवायच्या.

"वाचा बगू," गंगी म्हणाली.

लीलाबाईंनी वाचून दाखवले.

"चुकलं, बाई. व्हात्या पान्यात. डबक्यात ठिवलं तर इख तितंच ऱ्हातं. लिवा त्ये."

लीलाबाईंनी 'वाहत्या' हा शब्द घातला. गंगीने त्यांच्याकडून सगळे तीनदा वाचून घेतले, आणि मगच बयाबाईंनी तो कागद माझ्या पोटात दोऱ्याने शिवला. पुढच्या शनिवारपासून चुलीपाशी सात जणींच्या आठ जणी झाल्या. रतनबाई काही दिवस गंगीशी बोलल्या नाहीत. मग एकदा मीठ किती घालू म्हणून त्यांनी तिलाच विचारले.

मित्रांनो, पुस्तकाचे पान फाडू नका. गेलेली ओळ कोणाच्या ताटात उतरेल ते सांगता येत नाही. आणि माझ्यासारखे पुस्तक निवडून चुलीपाशी बसाल, तेव्हा आधी पायरीखाली बघा. तिथे कोणी उभे असेल, तर त्याला वर बोलवा आणि मगच चूल पेटवा.