अर्धगोल

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी दवाखान्यासमोरचा खड्डा कोरडा निघाला. साडेचार फूट खोल. तळाशी पाइप उघडा पडला होता, सांधा शाबूत होता आणि भोवतालची माती कोरडी ठणठणीत होती. दवाखान्याच्या टाकीत तीन दिवस निम्मंच पाणी चढत होतं. म्हणजे गळती होती, फक्त इथे नव्हती.

महिन्याभरातला हा चौथा कोरडा खड्डा, आणि चारही ठिकाणची खूण एकाच माणसाची.

पाणीपुरवठा विभागाच्या मॅडम काठावर उभ्या राहून आत बघत होत्या. विभागाचा कारभार त्यांच्याकडे येऊन सात महिने झाले होते. खाली, कमरेला हात लावून, खोदकाम करणारा पैलवान उभा होता. चाळिशी उलटलेला, अंगाने अजून भारदस्त, पण पाठीने दगा दिलेला.

"काय म्हणता, पैलवान?"

"मी काय म्हणणार, मॅडम. बुजवू, की कुणाला विहीर पाहिजे?"

कुणी हसलं नाही. फुटपाथच्या कडेला वैद्यबुवा आपली सळई फडक्याने पुसत होते. वैद्य हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पहाटे रहदारी सुरू व्हायच्या आत जमिनीवर सळई टेकवायची, वरच्या लाकडी वाटीला कान लावायचा आणि खाली पाणी कुठे निसटतंय ते ऐकायचं, हे काम ते सव्वीस वर्षं करत होते. नाडी बघितल्यासारखे बघतात म्हणून कुणीतरी वैद्यबुवा म्हणालं आणि ते नाव चिकटलं. ऐकून झालं की रस्त्यावर पांढऱ्या रंगाने गोल काढायचे. गोल म्हणजे इथे खणा.

"वैद्यबुवा," मॅडमनी हाक मारली.

त्यांनी मान वर केली नाही. सळई पुसत राहिले.

मॅडमनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. दोन महिने हे असंच चाललं होतं. नमस्कार केला तरी म्हातारा ढिम्म. फळ्याचा राग अजून गेला नाही, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

फळा त्यांनीच लावला होता, दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आल्यावर. कर्मचाऱ्यांना उत्साह वाटावा म्हणून गळती शोधणाऱ्या तिन्ही गटांची नावं, पुढे दोन रकाने: 'पहिल्या खड्ड्यात पाणी लागलं' आणि 'नाही लागलं'. महिन्यात ज्या गटाची कामगिरी सरस, त्याला पुढच्या महिन्यात सगळे शनिवार सुट्टी. लोक खरोखर उत्साहात आले होते. सकाळी आल्या आल्या आधी फळ्याकडे बघायचे, मग चहाकडे.

अकरा वाजता मोठ्या साहेबांचा फोन आला.

"पाच वाजेपर्यंत अहवाल द्या. त्या ऐकणाऱ्या माणसाला भांडारात पाठवा. नट-बोल्ट मोजेल."

"दीड वर्ष राहिलंय त्यांचं, साहेब."

"मग दीड वर्ष मोजेल."

अहवाल लिहायचा तर आधीचं बघायला हवं, म्हणून मॅडमनी जुन्या नोंदवह्या काढल्या. गेल्या वर्षी वैद्यबुवांचे कोरडे खड्डे सबंध वर्षात तीन. त्याच्या आदल्या वर्षी दोन. प्रत्येक नोंदीशेजारी पेन्सिलीने छोटा गोल होता. आणि बऱ्याच ठिकाणी, त्या गोलाच्या आधीच्या तारखेला, अर्धाच गोल. अर्धगोल मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत होते. दुसऱ्या आठवड्यापासून एकही नव्हता.

त्यांनी पैलवानाला बोलावून घेतलं.

"हे काय आहे?"

पैलवानाने वहीवर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिला. "अर्धगोल, मॅडम. म्हणजे आवाज आला, पण खात्री नाही. अजून खणू नका, उद्या पहाटे पुन्हा ऐकतो. मामाची पद्धत आहे. तिन्ही गट तसंच करायचे."

वैद्यबुवा त्याचे सख्खे मामा, हे विभागात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मग बंद का केली?"

"फळ्यावर कुठे लिहिणार? पहिल्या दिवशी आमचे दोन अर्धगोल होते. पाणी लागलेलं नाही, तेव्हा दोन्ही 'नाही'त गेले. आणि तुम्ही बैठकीत म्हणालात..." तो थांबला.

"बोला."

"म्हणालात, एवढ्या अनुभवी माणसाला दोनदा ऐकावं लागतं का. सगळे हसले."

मॅडमना ते आठवलं. सकाळची बैठक, लोक पेंगुळलेले, वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून बोललेलं एक वाक्य. बोलून झाल्यावर त्या पुढच्या विषयाकडे वळल्या होत्या. त्या दिवशी वैद्यबुवाही हसले होते.

"चेष्टा होती ती," त्या म्हणाल्या, आणि आपलाच आवाज त्यांना पोकळ वाटला.

"सगळ्यांना माहीत आहे हो. पण मामाला उजव्या कानाने ऐकू येत नाही. वर्ष झालं. डाव्याने दोनदा ऐकलं की भागत होतं. एकदाच ऐकून गोल काढायचा म्हणजे अंदाजपंचे."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं."

"आईचा एकुलता एक भाऊ आहे तो, मॅडम. मी काय फळ्यावर लिहू?"

सकाळी खड्ड्याशी आपण वैद्यबुवांच्या कुठल्या बाजूला उभ्या होतो, ते मॅडमनी आठवून पाहिलं. उजव्या. दोन महिने बहुधा उजव्याच.

दुपारी दोनला त्या अवजारांच्या खोलीत गेल्या आणि वळसा घालून डाव्या हाताला बसल्या. वैद्यबुवांनी ते पाहिलं.

"भाचा बोलला वाटतं."

"बोलले. मला वाटत होतं तुम्ही नाराज आहात. नमस्काराला उत्तर नाही म्हणून."

"नमस्कार करत होतात होय?" ते हसले. "मला वाटलं, मॅडमच बोलायचं टाकून बसल्यात. दोघेही आपापल्या जागी फुगून."

"खात्री नसताना पूर्ण गोल का काढलात?"

"पूर्ण गोलाला रंग जास्त लागतो, अक्कल कमी." मग सळईवरून हात फिरवत म्हणाले, "पैलवानाची पाठ बघितलीत ना. डॉक्टर म्हणतात, आठवड्याला सलग दोन दिवस आडवं पडा. रविवार आहेच, शनिवार मिळाला असता. माझ्या अर्धगोलांपायी आमचा गट शेवटचा. म्हटलं, काढू पूर्ण. लागलं तर लागलं."

"तो शनिवार त्यांनी माझ्याकडे मागायचा होता."

"फळ्यावर जिंकायची सुट्टी मागून कोण घेतं, मॅडम?"

मग वैद्यबुवांनीच विचारलं, "कानाचं लिहिणार?"

"लिहिणार. फळ्याचंही लिहिणार."

"मग माझं भांडार पक्कं."

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. तोंडदेखलं काही सांगणं त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "पण मी काय लिहिलं ते पाठवायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवीन."

दाखवलं. अहवालात तीन गोष्टी होत्या. अर्धगोल कधी बंद झाले आणि त्या आठवड्यात काय घडलं. श्रवणचाचणी करून घ्यावी. आणि चाचणीत काहीही निघालं तरी या माणसाला ऐकण्याच्या कामावरच ठेवावं, जोडीला एक ऐकणारा द्यावा, कारण हे काम शिकवणारं विभागात दुसरं कुणी नाही. खाली सही. वैद्यबुवांनी एकच दुरुस्ती सुचवली: सव्वीस नव्हे, सत्तावीस वर्षं. चार वाजून पन्नास मिनिटांनी अहवाल गेला. पैलवानाचा शनिवारचा रजेचा अर्ज त्याआधीच मंजूर झाला होता.

सव्वापाचला फोन वाजला.

"अहवालात स्वतःला कशाला गोवलंत?"

"तारखा बघा, साहेब."

"तारखा बघितल्या. गळती शोधायला कानच लागतो का, ते सांगा. यंत्रं मिळतात हल्ली."

"मिळतात. आपलं यंत्र गेल्या वर्षापासून दुरुस्तीला आहे."

"विचार करतो."

जाण्यापूर्वी मॅडमनी फळ्यावर तिसरा रकाना आखला: 'पुन्हा ऐकणार'. खाली लिहिलं, याचे गुण कापले जाणार नाहीत. शनिवारच्या बक्षिसाची ओळ पुसली. पुसलेल्या जागी काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून ती तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या आल्या तेव्हा तिसऱ्या रकान्यात तीन नोंदी होत्या. एक वैद्यबुवांची. दोन इतर गटांच्या, ज्यांच्या कानांबद्दल आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

वैद्यबुवांची नोंद दवाखान्याच्या रस्त्याची होती. बुजवलेल्या खड्ड्यापासून अकरा पावलांवर, झाडाच्या मुळाशी, पांढरा अर्धगोल. पैलवानाने आजूबाजूला दोरी बांधली आणि कुदळ गाडीतच ठेवली.

चाचणी सोमवारी आहे. मोठ्या साहेबांचं उत्तर आलेलं नाही. दवाखान्याची टाकी सकाळी आठ वाजता निम्मी भरली होती.