बाबांची नऊची गोळी

तर झालं असं, की घाईबाईच्या घरात एक डबी होती. घाईबाई हे नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण पोरगी चपलेत पाय सरकवायच्या आधीच निम्मा जिना उतरलेली असायची. डबीही बाबांनीच केलेली. साबणदाणीएवढी, आत आठ पायांची एक जुनी चिप. सकाळी नऊला वाजली की बाबांची गोळी, दहाला वाजली की आईची. आवाज दोन्हींचा एकच.

बाबा गेले. डबीला काय त्याचं! रोज नऊला पीं-पीं, आणि आई हातातलं टाकून उठायची, पेला भरायची, बाबांच्या खुर्चीपर्यंत जायची आणि तिथेच उभी राहायची. शेवटी म्हणाली, "घाईबाई, ती नऊची काढून टाक गं. माझ्याच्यानं नाही होत आता."

गुरुवारी घाईबाईनं सुट्टीच टाकली. चिप बोर्डावर डाख देऊन पक्की बसवलेली, पण ती उपटायची गरजच नव्हती. पाच बारीक वायरी जोडायच्या, जुना प्रोग्रॅम पुसायचा, नवा भरायचा. बोर्डाच्या पाठीवर कसलातरी निळा डाग होता, तो तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं साफ केला. बाबांच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममधली नऊची ओळ काढली. पुसलं, भरलं, वेळ लावली, झाकण बंद! अर्ध्या तासात काम फत्ते.

शुक्रवार-शनिवार ती कामावर. रविवारी घरी होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजले, आणि पीं-पीं!

आई पेला घेऊन खुर्चीपाशी पोचलीसुद्धा.

"अगं, काढलीस ना त्यांची?"

"काढलीय! शपथ! आई, ही तुझी दहाची आहे."

"माझी कशी? आत्ता तर नऊ वाजतायत."

घाईबाईनं डबी उचलली. "काल किती वाजता वाजली?"

"नऊ वीसला असेल. परवा पावणेदहाच्या आत. मला वाटलं, तूच बदललंस काहीतरी."

या जुन्या चिपांचं असं असतं, की प्रत्येकीच्या आतलं घड्याळ जरा वेगळं पळतं. म्हणून कारखान्यातच शेवटच्या कप्प्यात एक आकडा लिहून देतात, त्यानं ती ताळ्यावर राहते. सगळं पुसलं की तोही जातो. बाबांनी शंभरदा सांगितलेलं, "आधी वाच, लिहून ठेव, मगच पूस. ऐकतेयस का, घाईबाई?" आणि ती ऐकणार नाही हे माहीत असल्यासारखं त्यांनी तो आकडा बोर्डाच्या पाठीवर लिहूनही ठेवला होता. निळ्या शाईत.

टेबलाखालच्या टोपलीत बोळा अजून तसाच होता. निळा. नुसता निळा.

मग रविवार अख्खा ती अंदाजानं आकडे भरत बसली. भर, वेळ मोज, पूस, पुन्हा भर. संध्याकाळी एकदाचा सापडला. तिनं तो निळ्या पेनानं त्याच जागी लिहिला. त्यातला सात काही तिला बाबांसारखा काढता येईना.

सोमवारी ती मुद्दाम उशिरा निघाली. नऊला काहीच वाजलं नाही. आई मात्र उठली होती, पेलाही भरला होता.

दहाला डबी वाजली. आईनं आपली गोळी घेतली.

"जमलं गं तुला," ती म्हणाली. मग ओट्यावरचा दुसरा पेला तिनं कोरडा केला आणि वरच्या फळीवर, पाहुण्यांच्या पेल्यांमागे ठेवून दिला.