तिकीट काढलेली माणसं

"चहा गार आहे," दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कप बशीसकट तिकीटबाईंच्या पुढ्यात सरकवला.

टेबलाभोवती क्षणभर कुणी पत्तासुद्धा हलवला नाही. इतक्या वर्षांच्या रविवारांत या घरातला चहा कधी पाकासारखा गोड झाला होता, कधी बिनसाखरेचा. एकदा तर किटलीत कपडे वाळत घालायचा चिमटा निघाला होता आणि सगळ्यांनी हसून हसून डोळे पुसले होते. पण चहा परत कुणी पाठवला नव्हता.

तिकीटबाई उठल्या, कप उचलला आणि स्वयंपाकघराकडे वळता वळता त्यांनी स्वतःच्याच तोंडून ऐकलं, "सॉरी हं, लगेच बदलून देते."

हे वाक्य त्या नोकरीत असताना म्हणायच्या. त्यानंतर आजच.

नोकरी म्हणजे थिएटरच्या तिकीट-खिडकीवरची. काळ्याभोर वेणीपासून पांढऱ्या अंबाड्यापर्यंतचं सगळं आयुष्य त्या एका जाळीमागे बसल्या. जाळीला खाली अर्धगोल भोक होतं. त्यातून हात आत यायचे, चेहरे बाहेरच राहायचे. त्यामुळे बाईंना माणसं हातांवरून कळायला लागली. बाल्कनी मागायला आलेला हात भाव ऐकल्यावर अंगठा कसा आत घेतो, पहिल्यांदाच कुणाला सोबत घेऊन आलेला हात सुटे पैसे कसे सांडतो, हे त्यांना पाठ होतं. आणखी एक गोष्ट त्या तिथेच शिकल्या. रांगेत असेपर्यंत माणूस गरीब असतो. तिकीट हातात पडलं की त्याच्या अंगात राजा संचारतो. मग त्याला पंख्याचं वारं कमी पडतं, पुढच्याचं डोकं खुपतं, पडदा तिरका दिसतो.

थिएटर बंद पडलं. नवरा तर त्याआधीच गेला होता. रिकाम्या घरात बाई रविवारी दुपारी नुसत्या घड्याळाकडे बघत बसायच्या. ते पाहून त्यांचे दीर एकदा पत्त्यांचा कॅट घेऊन आले. "वहिनी, पोकर शिकवतो," म्हणाले आणि पहिल्याच दिवशी खिसा रिकामा करून घरी गेले. पुढे त्यांच्यासोबत गल्लीतला न्हावी यायला लागला, मग डॉक्टरीणबाई, मग घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी. टेबलावर पुन्हा हात आले, पण या वेळी प्रत्येक हाताला वर चेहरा होता. मध्ये जाळी नव्हती. बाईंचा सगळा आठवडा त्या एका दुपारच्या ओढीनं सरायचा.

मग धाकटी बहीण चार दिवस राहायला आली आणि तिने हा सोहळा डोळ्यांनी पाहिला.

"ताई, हे घर आहे का हॉटेल?"

"पाहुणे आहेत गं."

"पाहुणे वर्षाकाठी येतात. ही मंडळी दर आठवड्याला येऊन चहा ढोसतात, बिस्किटं हाणतात, पंखा गरागरा फिरवतात, आणि जमलं तर तुझेच पैसे जिंकून जातात! माणशी थोडी फी घे."

"घरी बोलावून पैसे घ्यायचे? शोभतं का?"

"आयुष्यभर दुसरं काय केलंस?"

बाई रिकामे कप गोळा करायला लागल्या. धाकटीने तेवढ्यात बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला सुरीने चीर पाडली आणि डबा दाराशी स्टुलावर ठेवून ती आपल्या गावी निघून गेली. अशा बहिणी काम करून जातात, निस्तरायला थांबत नाहीत.

पुढच्या रविवारी थोडा खल झाला. भावजी वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. कायद्याचं नाव निघालं की त्यांची मान ताठ व्हायची.

"वहिनी, फुकट खेळलं तर हे घर. फी घेतली तर ही आस्थापना. उद्या कुणी अड्डा म्हटलं तर?"

"मग तुम्ही नका देऊ, भावजी."

"देतो की! नाही कुठे म्हणतोय? पावती मिळेल का एवढंच विचारतोय."

"अहो साहेब, टाका की गुपचूप," न्हावी म्हणाला. "बाई काय त्यात बंगला बांधणारेत?"

"मला तर पटलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फुकट यायचं म्हणजे कसा संकोच वाटायचा. आता संकोच नको."

घड्याळजींनी तर सगळ्यांच्या आधीच पैसे चिरेतून आत सोडले होते.

आणि खरोखरच, संकोच म्हणून जो काय होता तो त्या दिवसापासून घरातून नाहीसा झाला. खेळ संपला की न्हावी बाह्या सरसावून कपबशा विसळायचा, "हात कोरडे राहिले की मला चैन पडत नाही" म्हणायचा. तो आता हात झटकून सरळ चपला घालायला लागला. डॉक्टरीणबाईंनी खिडकीजवळची खुर्ची आपली करून टाकली आणि तिच्यासाठी उशी मागितली. भावजींनी एकदा खिशातून औषधाचं मापाचं भांडं काढून त्यात चहा ओतून बघितला आणि "प्रत्येक कपात फरक आहे, वहिनी," असं दुःखाने जाहीर केलं. दार करकरायला लागलं. टेबल लटपटायला लागलं.

हे सगळं बाईंनी सोसलं असतं. पण एका डावात त्या जिंकल्या आणि पैसे ओढून घेताना न्हावी हसत हसतच बोलून गेला, "वा! दाराशी पण बाईंचे, टेबलावर पण बाईंचे!"

सगळे हसले. बाईही हसल्या. पुढच्या डावात त्यांच्याकडे तीन राण्या आल्या. एकीमागून एक, तिघीही. बाईंनी त्या पालथ्या टाकून दिल्या आणि म्हणाल्या, "छे, काही नाही माझ्याकडे." त्यानंतर त्या अशाच खेळत राहिल्या. चांगला हात आला की लाज वाटायची. खेळायचा एवढा नाद असलेली बाई आपल्याच टेबलावर गल्ला सांभाळत बसल्यासारखी बसायला लागली.

आज त्या गरम चहा घेऊन परत आल्या तेव्हा डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "क्लबात एवढ्याच पैशांत एसी असतो म्हणे. सँडविचही देतात."

"एवढ्याच?" भावजींनी कान टवकारले.

"साहेब, एकदा बघून यायला काय हरकत आहे?" न्हावी म्हणाला.

बाईंनी कप जरा जोरातच ठेवला. त्यासरशी टेबल कलंडलं, कप घरंगळला, चहा बदामाच्या गुलामावर सांडला आणि नाणी फरशीवर चहूकडे पळाली.

"काय झालंय या टेबलाला?" बाई वैतागून म्हणाल्या. "पूर्वी कधी हलायचं नाही ते!"

घड्याळजींनी घसा खाकरला. ते बोलणार म्हटल्यावर सगळ्यांनी माना वळवल्या. ते सहसा बोलायचे नाहीत.

"पूर्वीही हलायचं. मी लवकर यायचो ना, तेव्हा कागदाची घडी करून पायाखाली सारायचो. झाडताना ती निघून जायची. मग पुढच्या रविवारी दुसरी."

"आणि दार?"

"घड्याळाच्या तेलाचे दोन थेंब. बिजागरीत."

"मग आता काय झालं?"

घड्याळजी गोरेमोरे झाले. "आता आपण पैसे भरून येतो. मालकांच्या सामानाला परस्पर हात लावणं बरं दिसत नाही."

मालक! बाई उठल्या, दाराशी गेल्या, डबा उचलून आणला आणि टेबलाच्या मधोमध आदळला.

"घ्या आपापले परत."

"असं कसं?" भावजी म्हणाले. "दिलेली फी परत घेण्याची तरतूद नाही."

"नको हो बाई, दिलं ते दिलं," न्हावी म्हणाला. डॉक्टरीणबाईंनीही मान हलवली. पैसे काही कुणी उचलेना.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग हा डाव डब्यासाठी. जो जिंकेल त्याचा डबा. पुढच्या रविवारपासून दाराशी काही नाही. ज्यांना सँडविच हवंय त्यांनी क्लबात जावं. वाटा पत्ते, भावजी."

पत्ते वाटले गेले. बाईंनी आपले उचलले आणि पाहिले. इतका दरिद्री हात त्यांना वर्षभरात आला नव्हता. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, मोठा म्हणावा तर एक गुलाम, तोही चहात भिजलेला.

पत्ते बदलून झाले. नशीब तसंच राहिलं.

बाईंनी पैसे लावले. भावजींनी कपाळाला आठ्या घालून पत्ते टाकले आणि डाव सोडला. घड्याळजींनी हळूच टाकले. न्हाव्याने दोनदा तळहात मांडीला पुसला. बाईंनी आणखी लावले तसा तोही बाजूला झाला. राहिल्या डॉक्टरीणबाई. त्यांचा चेहरा दगडासारखा होता, रोज लोकांचे दात उपटून कमावलेला. पण बाई चेहऱ्याकडे बघतच नव्हत्या. त्या अंगठा बघत होत्या.

त्यांनी पुढ्यातलं होतं नव्हतं ते सगळं मध्ये लोटलं.

डॉक्टरीणबाईंचा अंगठा हळूच आत गेला. बाल्कनीचा भाव ऐकल्यावर जातो तसा.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पत्ते पालथे घातले.

बाईंनी आपले पत्ते उलटून दाखवले. ओला गुलाम आणि त्याच्यामागे सगळं भंगार.

एकच गिल्ला झाला. "हूल दिली!" न्हावी ओरडला. "अहो, माझ्याकडे दोन एक्के होते! दोन!" डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्या, उशी त्यांच्या पाठीमागून खाली पडली. "माझ्याकडे तिय्या होता, तीन दश्श्या! कसल्या लबाड आहात हो तुम्ही!" इतकं मनापासून तिकीटबाईंवर महिन्याभरात कुणी रागावलं नव्हतं. बाई पदराने डोळे टिपत हसत होत्या.

"पण वहिनी," भावजी बोट वर करून म्हणाले, "म्हणजे फी तुम्ही घेतलीच की शेवटी!"

"घेतली नाही भावजी. जिंकली. त्याची पावती नसते."

न्हावी पुटपुटत उठला आणि बाह्या वर करत स्वयंपाकघरात गेला. "दोन एक्के," असं तो नळाला सांगत होता. आतून कपबशा आपटल्याचे आवाज येऊ लागले. एखादी फुटली असती तरी बाईंना चाललं असतं.

घड्याळजी फरशीवरची नाणी वेचून ठेवत होते. "बाई," ते खालूनच म्हणाले, "कागदाचा एखादा कपटा असेल?"

बाईंनी कपाटाचा खण ओढला. आत, रबरात गुंडाळलेला, बाल्कनीच्या तिकिटांचा एक गठ्ठा होता, शेवटच्या खेळाला न खपलेला. थिएटर पाडलं तेव्हा तेवढाच त्यांनी घरी आणला होता. आजवर कुणाला दाखवला नव्हता. त्यांनी वरचं तिकीट काढून दिलं.

घड्याळजींनी ते उजेडाकडे धरून पाहिलं, मग बाईंकडे पाहिलं. त्यांनी नखाने दाबून त्याची बारीक, सरळ घडी केली, गुडघ्यावर हात टेकून हळूहळू टेबलाखाली वाकले आणि ती पायाखाली सारली.

बाईंनी वरून तळहात टेकवून पाहिलं. टेबल हललं नाही.

"वाटा," त्या म्हणाल्या.