लूमच्या दारापर्यंत

खोटं बोलणं हे राघो तरे सरांचं काम नव्हे. शाळेत पी.टी. शिकवायचे, आणि उशीर झाला तर मुख्याध्यापकांना सरळ 'झोप लागली' म्हणून सांगायचे. पण असा माणूस कधी एकदा खोटं बोलला ना, की ते बरोब्बर पचतं, कारण कुणाला शंकाच येत नाही. तरे सरांचं खोटं चार वर्षं पचलं. पाचव्या वर्षी, २००७ च्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी, ते जुन्या स्कूटरवर बसून शाळेच्या फाटकातून आत आलं.

स्कूटरवर होते निजामपुऱ्याचे फखरुद्दीनशेठ. शेठ म्हणायचं आपलं, सोळा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना आणि त्यातले चार नेहमी बंद. त्यांची मुलगी शाहीन ही तरे सरांचा उजवा हात. दर रविवारी शाळेच्या मैदानावर गुणाबाई ट्रस्टचा वर्ग भरायचा, त्यात पोरापोरींना दोराच्या गाठी शिकवायची ती शाहीनच. सरांनी खेळसामानाच्या खोलीत खुर्ची पुसून दिली. शेठ बसले, खिशातून चेक काढला आणि टेबलावर ठेवला.

आता हा ट्रस्ट काय ते सांगायला हवं. वडप्याला हायवेलगत गोदामं उठली, तशी केसरीनाथशेठच्या भातशेताला सोन्याचा भाव आला. माणूस पैशाने फुगला असेल, पण मनाने वाईट नव्हता. दर पावसाळ्यात दगडखाणीच्या पाण्यात पोरं बुडायची. एका वर्षी दोघांना बाहेर काढायला केसरीनाथने स्वतः पाण्यात उडी घेतली, आणि हाताला लागलं ते गार झालेलं. त्यानंतर त्याने आपल्या आईच्या नावाने ट्रस्ट काढला. पोहणं, दोर, प्रथमोपचार, आणि मुख्य म्हणजे पुढारपण: दहा जणांना डोंगरावर नेलं तर दहाच्या दहा परत आणायचे. शिकवायला तरे सर. शिवाय वर्षातून एकाला उत्तरेतल्या पर्वतारोहणाच्या संस्थेत अठ्ठावीस दिवसांच्या कोर्सला पाठवायचं. फी, गाडीभाडं, बूट, सगळं ट्रस्टचं.

फखरुद्दीनशेठ म्हणाले, हा चेक ट्रस्टसाठी आहे. एका मुलीचा कोर्स निघेल एवढी रक्कम आहे. शाहीनचं लग्न ठरलंय, एप्रिलमध्ये, मुलगा बहारीनला असतो. ती जायच्या आधी तिच्या नावाने एवढं करावं असं मनात आलं. सर म्हणाले, वा, फार चांगलं. मग शेठ उठतील असं सरांना वाटलं, पण ते काही उठेनात. टेबलावरची शिटी उचलून बोटांत फिरवत राहिले.

"सर, एक काम आहे," ते शेवटी म्हणाले. "शाहीन माझ्याशी बोलत नाही. म्हणजे विचारलं तर उत्तर देते, जेवण वाढते, औषध आणून देते. स्वतःहून काही बोलत नाही. चार वर्षं झाली. लग्नालासुद्धा म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं. अहो, ही पोरगी असं बोलणारी होती का? सातवीत असताना बुटांसाठी तीन दिवस भांडली होती माझ्याशी. ती तुमचं ऐकते. तिला विचारा, माझं काय चुकलं. निघून जायच्या आत कळलं तर माफी तरी मागेन."

तरे सर म्हणाले, "विचारतो."

बघा, तिथेसुद्धा! खरं सांगायची वेळ समोर येऊन खुर्चीवर बसली होती, आणि हा गृहस्थ म्हणतो, विचारतो. शेठनी दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबला, आणि ते गेले. सरांना आपलाच हात नकोसा झाला.

काय झालं होतं ते सरांना तारखेनिशी आठवत होतं. २००३ चा एप्रिल. कोर्सच्या निवडीसाठी त्यांनी बारा जणांना दोन दिवस दुगाडच्या डोंगरावर नेलं होतं. शाहीन तेव्हा एकोणीस वर्षांची. उतारावर एक पोरगा भीतीने बसला तो हलेना. बाकीचे हसत होते, ही त्याच्या शेजारी बसून अर्धा तास त्याच्याशी त्याच्या गावच्या म्हशींबद्दल बोलली आणि बोलता बोलता त्याला खाली घेऊन आली. तिथेच निवड झाली होती. गुणांतही तीच पहिली. केसरीनाथचा पुतण्या देवेश चौथा.

खाली उतरल्यावर केसरीनाथ गाडी घेऊन न्यायला आला होता. त्याने जोर केला नाही, खोटं कशाला बोला. एवढंच म्हणाला, "मास्तर, ठरवा तुम्हीच, मी मधी पडणार न्हाय. फक्त देवेशच्या आयशीचं तोंड मला रोज बघायला लागतं." आणि लगेच पुढच्या वर्षीच्या नव्या दोरांची, हेल्मेटची गोष्ट काढली. सर जुन्या दोरांवर पोरं लोंबकळताना बघून रात्ररात्र तळमळायचे. शहाण्याला शब्दाचा मार. त्यांना काय समजायचं ते समजलं.

नियम होता, पालकांची संमती हवी. म्हणून सर निजामपुऱ्यात गेले. खरंच गेले! फखरुद्दीनशेठच्या कारखान्याच्या दारापर्यंत गेले. आत लूमचा खडखडाट चालला होता, आणि त्या आवाजात सरांच्या मनाने एक सोयीची गोष्ट काढली. बाप कसा पाठवेल एकट्या मुलीला महिनाभर, हिमालयात? यांच्यात नाही पाठवत. विचारून बिचाऱ्याला अवघड कशाला करायचं? रविवारी सकाळी सहा वाजता हाच बाप स्वतः स्कूटरवरून पोरीला मैदानावर सोडायचा, हे त्या घडीला त्यांना आठवलं नाही. आठवू दिलं नाही म्हणा. कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्यांनी कटिंग चहा घेतला आणि ते परत आले.

दुसऱ्या दिवशी शाहीनला म्हणाले, "तुझ्या अब्बांकडे जाऊन आलो. नाही म्हणाले. तू घरात विषय काढू नकोस बाई, नाहीतर रविवारचंही बंद करतील." शाहीनचा चेहरा सरांनी बघितला नाही, ते दोर गुंडाळत होते. ती एवढंच म्हणाली, "बरं, सर."

देवेश गेला, आणि अकराव्या दिवशी सर्दी घेऊन परत आला. म्हणे रोज बटाटा खायला घालतात. गंगेत घोडं न्हालं! पुढच्या वर्षी केसरीनाथ आपणहून म्हणाला, मास्तर, आता त्या शाहीनला धाडा, ती खरी वाघीण हाय. तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? पण मग आदल्या वर्षीचं उघडं पडणार. सर म्हणाले, तिच्या घरून परवानगी नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मग केसरीनाथने विचारणं सोडलं. एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. शाहीन मात्र एकही रविवार चुकली नाही. नवीन पोरांना ती सरांचंच वाक्य शिकवायची: दुसऱ्याने तपासलेल्या गाठीवर कधी विसंबायचं नाही, स्वतः हात लावून बघायचं. ते कानावर पडलं की सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जात.

त्या गुरुवारी सर घरी गेले, आणि पार्वतीबाई, त्यांची बायको, भाजी निवडत होत्या तिथे जाऊन बसले. सगळं सांगून टाकलं. त्यांना वाटलं होतं, ही म्हणेल, जाऊ द्या, तुम्ही तरी काय करणार होता. पार्वतीबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"दर ईदला त्या घरचा शीरखुर्मा खाल्ला मी. त्या माणसाने हाताने वाढला. तुम्ही शेजारी बसून खात होता. घशाखाली उतरला तुमच्या?"

उतरला होता, हीच तर लाज होती. एकदा तर सरांनी आणखी मागून घेतला होता.

"मला सांगून मोकळे होऊ नका," पार्वतीबाई म्हणाल्या. "ज्याचं आहे त्याला सांगा."

शुक्रवार गेला, शनिवार गेला. पत्र लिहावं असं सरांना वाटलं. दोन ओळी लिहून फाडलं. ट्रस्ट जाईल का, नोकरीवर येईल का, हे सगळे विचार येऊन गेले, पण खरी भीती वेगळीच होती. शाहीन त्यांच्याकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर जाणार होती. वीस वर्षांच्या नोकरीत तसं कुणी बघितलं नव्हतं. आणि ती नजर त्यांच्या हक्काची नव्हतीच, ती तिच्या बापाच्या वाट्याची होती, चार वर्षं त्यांनी चोरून वापरली, हे शनिवारी संध्याकाळी एकदाचं त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांनी फखरुद्दीनशेठना फोन लावला आणि रविवारी मैदानावर या म्हणून सांगितलं.

रविवारी पाण्याच्या टाकीवरून दोराने उतरायचा सराव होता. सात-आठ मुली कंबरेला पट्टे बांधून रांगेत उभ्या होत्या, सर एकेकीची गाठ तपासत होते. स्कूटर आली तशी त्यांनी शाहीनला हाक मारली आणि तिघं टाकीच्या सावलीत उभे राहिले. बापलेकीत हातभर अंतर होतं. शेठ आशेने सरांकडे बघत होते, त्यांना वाटलं सरांनी विचारलं असेल.

"शाहीन," सर म्हणाले, "तुझ्या अब्बांनी नाही म्हटलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. कोर्सचं. मी लूमच्या दारापर्यंत गेलो, चहा प्यालो आणि परत आलो. मला देवेशला पाठवायचं होतं. तुला खोटं सांगितलं. पुढची दोन वर्षंही मीच अडवलं."

शेठना काही उमगेना. कुणी नाही म्हटलं, कशाला, ते विचारू लागले. मग सरांना सगळं पुन्हा, पहिल्यापासून, सावकाश सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा जड गेलं. शाहीन हातातल्या दोराच्या टोकाकडे बघत होती. ऐकून झाल्यावर शेठ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी कदाचित नाहीच म्हटलं असतं, सर," ते म्हणाले. "पोरीला एवढं लांब पाठवायचं म्हणजे... माहीत नाही. पण ते 'नाही' माझं होतं. ते तुम्ही मला न विचारता माझ्या नावावर खपवलंत."

सरांनी मान खाली घातली. आपण माफी मागायला आलो होतो हे त्यांना आठवलं, आणि ती कशी मागायची तेच सुचेना.

शाहीन बापाकडे वळली. "मी विचारलं असतं, तर?"

"म्हटलं ना, नाही म्हणालो असतो. पहिल्या दिवशी." शेठ म्हणाले. "तू भांडली असतीस, तर तिसऱ्या दिवशी हो म्हणालो असतो."

"मी भांडले असते," शाहीन म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "अब्बा, मी भांडले असते."

रांगेतल्या मुली चुळबुळायला लागल्या. शाहीनने ओढणीने तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे बघून, नेहमीच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "सगळ्यांनी गाठी सोडा. पुन्हा बांधा. मी आल्यावर मी बघेन." सरांकडे तिने बघितलं नाही.

मग ती बापाबरोबर स्कूटरकडे चालू लागली. हातभराचं अंतर तसंच होतं. थोडं पुढे गेल्यावर तिचं काहीतरी ऐकू आलं: मे महिन्यात कोर्स आहे. शेठ म्हणाले, एप्रिलमध्ये लग्न आहे. ती म्हणाली, असू दे, जूनमध्ये करू. अगं, लोकांना काय सांगू? ते तुम्ही बघा. हॉल ठरलाय! मग मोडा. शेठचा आवाज चढला, तिचा त्याहून चढला, आणि फाटकापाशी दोघंही हातवारे करत, स्कूटर तशीच स्टँडला ठेवून, मनसोक्त भांडत उभे राहिले.

सरांच्या शर्टाच्या खिशात चेक होता, तो अजून ट्रस्टला दिला नव्हता. कोण जाणार हे आता त्यांनी ठरवायचं नव्हतं.

रांगेतली सगळ्यात पुढची मुलगी, मनाली, गाठ पुन्हा बांधून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, बघता का?"

तरे सरांनी हात पुढे केला, आणि मागे घेतला.

"थांब," ते म्हणाले. "शाहीनदीदीला येऊ दे."